थंडीतल्या शेवया

आमच्या कारखान्यात एक रीत आहे. बाहेरच्या माणसाला सांगितली की तो म्हणतो, छे, काहीतरीच काय! काम सुधारलं, पाचांचं काम चौघांत व्हायला लागलं, तर जास्तीचा माणूस टेबलावरून उठवायचा. आणि उठवायचा तो सगळ्यांत हुशार. ढ माणूस नाही हं, हुशार! ढ माणसाला काढलं तर उद्यापासून सुधारणा सुचवायला येतंय कोण? आपल्याच शेजारणीच्या पोटावर पाय कोण देईल? म्हणून हुशाराला मानानं उठवायचं आणि जिथे नवं काम उभं राहतंय तिथे पाठवायचं. मागे उरलेल्यांनी शिकायचं, सुधारायचं. मुकादम नुमाता-सान हे इतक्यांदा सांगतात की जपानातल्या आमच्या या हेकिनान गावची कुत्रीसुद्धा पाठ म्हणतील.

मलाही रीत पटलेली होती. पाळी आपल्या टेबलावर आली नव्हती तोवर अगदी पटलेली होती.

आमचं टेबल गाडीच्या दाराच्या कुलपांचं. आम्ही पाच बाया, आणि त्यांत हुशार कोण हे विचारायची सोयच नाही. मासुए. माझ्या डाव्या हाताला बसायची. शाळा सुटल्या सुटल्या, पंधराव्या वर्षी, कुमामोतोहून, कामाला निघालेल्या पोरांनी भरलेल्या आगगाडीतून इकडे आली ती इथलीच झाली. लग्न केलं नाही. वसतिगृहाची खोली, कारखाना आणि मी, एवढाच तिचा संसार. मला हे काम तिनंच शिकवलं. स्प्रिंग अशी धर, बोट असं वळव, जीभ जरा आवर. पहिल्या दोन गोष्टी मी शिकले. माझा नवरा गेला तेव्हा ही बाई रोज माझ्या घरी येऊन माझ्यासमोर बसून जेवायची, का तर मी उपाशी राहीन म्हणून. एक शब्द बोलायची नाही. मी भात संपवला की भांडी घासून निघून जायची. अशा माणसाला काय म्हणतात मला माहीत नाही. मैत्रीण म्हणजे फार हलका शब्द झाला.

आणि मी बघा काय केलं! स्प्रिंगांची पेटी आमच्या पाठीमागे असायची. दर वेळी वळा, मूठभर घ्या, परत वळा. माझी कंबर बोलायला लागली. मग एक दिवस मी घरून बांबूची पन्हळ आणली. उन्हाळ्यात तिच्यात गार पाणी सोडून आम्ही शेवया वाहवतो आणि खालून काड्यांनी पकडून खातो, तीच. एक टोक पेटीपाशी उंच बांधलं, दुसरं टेबलावर सोडलं. स्प्रिंगा घसरत घसरत थेट हातात. पोरीबाळींसारख्या हसलो आम्ही. नुमाता-सान त्या दिवशी मुख्य कचेरीत बैठकीला गेले होते, म्हणून तर एवढा दंगा.

दुपारपर्यंत हसू बंद झालं. पलीकडे बसलेली ताझुको रिकाम्या हातांनी बसून होती. काम तिच्यापर्यंत पोचतच नव्हतं, आधीच उरकत होतं.

"आपण चौघीच पुरे की गं," ती म्हणाली, आणि लगेच तिनं तोंडावर हात ठेवला.

दक्षिणेला क्यूशू बेटावर आमचा नवा कारखाना उभा राहतोय आणि तिकडे माणसं हवीत, ही पाटी दारातच लावलेली होती. सगळ्यांनी मासुएकडे पाहिलं आणि लगेच खाली पाहिलं. मी संध्याकाळी पन्हळ सोडली आणि सायकलला बांधून घरी नेली.

पण बातमीला पाय असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी नुमाता-सान टेबलाशी हजर.

"कियोनो-सान, काल इथे एक बांबू होता म्हणे."

"होता. घरी नेला. शेवयांना लागतो."

"भर थंडीत गार शेवया?"

"आमच्याकडे खातात," मी म्हणाले. दुसरं सुचलंच नाही काही.

ताझुकोनं हसू दाबायला खोकला काढला. नुमाता-सान मात्र हसले नाहीत. माणूस भला, पण सुधारणेचा वास लागला की मांजराला मासळी दिसल्यागत होतं त्यांचं. "खाऊन घ्या पोटभर," ते म्हणाले. "सोमवारी पन्हळ परत आणा. एक माणूस मोकळा होतोय, मी स्वतः उभा राहून बघणार." म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. सोमवारी मासुए जाणार हे ठरलंच.

त्याच दिवसापासून मासुएचे हात बिघडले. स्प्रिंग हातातून उडायची. झाकण उलटं बसायचं. जिच्या हातचं कुलूप तपासणीतून कधी परत आलं नाही, तिच्यासमोर परत आलेल्यांचा ढीग! मी आधी चिडले, मग घाबरले. तिचं राहिलेलं काम ओढून घेतलं, माझं करून तिचंही केलं. एवढा वेग माझ्यात होता हे मलाच ठाऊक नव्हतं. घाम पुसायलासुद्धा सवड नसायची.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत तिला सायकलींच्या शेडमागे गाठलं.

"डॉक्टरकडे चल. आत्ताच्या आत्ता."

"कशाला?"

"हातांना काय झालंय तुझ्या? मला फसवू नकोस, मासुए. मी रडेन हं."

"काही झालेलं नाही," ती म्हणाली. " मुद्दाम करतेय. ढ माणसाला नेत नाहीत ना तिकडे."

मला एवढा आनंद झाला म्हणून सांगू! तिला तिथेच मिठी मारली. "शाबास गं माझी ढ बाई!" म्हटलं. म्हणजे ती राहणार होती, माझ्यासाठी, एवढी मानी बाई स्वतःचं नाव मातीत घालून राहणार होती. आम्ही पायरीवर डबे उघडले. तिच्या डब्यात भात आणि मोहरीच्या पाल्याचं लोणचं. दर हिवाळ्यात तिची आई गावाहून पाठवते. मी सवयीनं काड्या घातल्या आणि एक पान तोंडात टाकलं. अरे देवा! नुसतं मीठ.

"आईला हल्ली दिसत नाही नीट," मासुए म्हणाली. "मीठ घातलेलं विसरते, परत घालते. एकटीच असते ना."

"मग टाकून दे ते. माझं घे."

तिनं डबा माझ्यापासून बाजूला घेतला आणि ते खारट ढोण लोणचं एक एक पान करत सगळं खाल्लं. शेवटी डब्यात पाणी घालून तेही प्यायली. डोळ्यांतून पाणी येत होतं. मिठानं येत होतं असं दोघीही धरून चाललो.

रविवारभर मी पन्हळीकडे बघत बसले. कुमामोतो क्यूशूतच की. नव्या कारखान्यातून गाडीनं जाऊन रोज रात्री आईच्या घरी भात शिजवता येईल. हे तिनं मला एकदाही सांगितलं नाही. मी तरी कुठे विचारलं?

सोमवारी पन्हळ बांधली. नुमाता-सान हाताची घडी घालून उभे राहिले. मासुएनं ठरल्याप्रमाणे स्प्रिंगा सांडल्या. मी ठरल्याप्रमाणे सावरून घेतल्या. आणि नुमाता-सान काय म्हणाले ऐका.

"कियोनो-सान, तुमचा हात असा कधी झाला? क्यूशूला तुम्हीच."

मासुएचं तोंड पांढरं पडलं. ती नाटक करतेय असं मी सांगितलं असतं तर ती शपथेवर नाही म्हणाली असती. तिला ओळखत नाही का मी! म्हणून मी छाती पुढे काढली.

"चला, इतक्या वर्षांनी कुणाला तरी दिसलं," मी म्हणाले. "या टेबलावर खरं काम कायम मीच करत आलेय. ही मासुए, तिचं नुसतं नाव मोठं. तिचे चुकलेले नग मी गुपचूप दुरुस्त करायचे, म्हणून कधी परत आले नाहीत. हिला आता केरसुणी द्या. तेवढं जमेल."

ताझुको तर उभीच राहिली. मासुएच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"काय म्हणालीस?"

"खरं ते बोलले. झोंबलं?"

तिनं माझ्यापुढचा ट्रे ओढला. मग मी बघतच राहिले. स्प्रिंग घसरून यायची तोवर तिचं बोट तिथे असायचं. पट्टी, स्प्रिंग, स्क्रू, झाकण, खट्, पुढचं. ती कामाकडे बघतसुद्धा नव्हती, रागानं माझ्याकडे बघत होती. ट्रे भरला, दुसरा भरला. आम्ही बाकीच्या हात मांडीवर ठेवून बसलो. नुमाता-सान हळूच म्हणाले, "वा." मला तर इतका अभिमान वाटला की माझा अपमान चाललाय हे मी विसरूनच गेले.

तिसऱ्या ट्रेवर तिचा हात थांबला. आपण काय करून बसलो हे तिला तेव्हा कळलं.

"मेले, तू मुद्दाम बोललीस."

"हो."

"मी नाही म्हणेन."

"म्हणून बघ. आता सगळ्यांनी पाहिलंय."

तिनं दोन्ही हात टेबलावर उताणे टाकले. हेकिनानला आल्यापासून ती कुणासमोर रडली नव्हती. मीही रडत होते, पण माझं काय, मी केव्हाही रडते. नुमाता-सान घाईघाईनं भिंतीवरचं घड्याळ बघायला लागले.

"तिकडे मी भांडू कुणाशी?" मासुएनं विचारलं.

"आईशी भांड," मी म्हणाले. "पंधराव्या वर्षापासूनचं तुंबलंय सगळं."