लसूण पाहून राह्यलो

"मारोतराव, वाफ्यात काय करून राह्यले?" मी माह्या आंगनातून, मधल्या कुंपनाच्या कुपाटीवरून इचारलं.

मानूस केवढ्यानं दचकला! पाठमोरा उकिडवा बसला होता, हातात उपटलेला लसूण.

"काई नाई शकुबाई. लसूण पाहून राह्यलो."

"पाहाले उपटा लागते काय?"

"मंग? गड्डा मातीत, अन् माह्ये डोळे वर. कळन कसं?"

आता याले काय सांगाव! पाहून झाल्यावर त्यानं तो लसूण पुन्ना मातीत खोसला, बोटानं दाबला, लोटाभर पानी घातलं अन् बायकोले दिसू नये म्हून माती हातानं सारखी केली. वरून मलेच म्हने, "मनकर्णापाशी तोंड नका उघडू." मी म्हटलं, "मी काऊन उघडू? तुमचा लसूण, तुमी जाना."

त्याची तरी काय चूक म्हना. गेल्या साली घाईघाईत लसूण काढला, त्याची वेणी घातली अन् लेकीच्या सासरी, गुडीहत्नूरले, मोठ्या ऐटीत घेऊन गेला. मीनलची सासू बयनाबाई म्हंजे लय तिखट बाई. तिनं गड्डा फोडला त आत कुड्याच नाई, नुसता पांढरा गोळा. चार बायांमंदी म्हने, "इवाई, ह्यो लसूण हाय का पातीचा कांदा?" तवापासून बिचारा ईनबाईपुढं मान वर करत नव्हता. या साली तिच्या हातात भरलेल्या कुड्यांचा गड्डा ठेवाचाच, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं.

मनकर्णानं बजावून ठेवलं होतं, "खालची पात वाळू द्या, मान लवू द्या. वरची पात हिरवी असतानी काढाचा. तवरक वाफ्याले हात लावसान त पाहा!"

पन हात राह्यते कुठं! सकाळी तोंड धुतलं का एक उपट, चहा पेला का एक उपट. पाह्य अन् खोस, पाह्य अन् खोस.

शिवरात्र झाली. ऊन असं तापलं का आमच्या तळमडगूची काळी जमीन भेगाळली. एक दिवशी मारोतराव कुपाटीपाशी नाचतच आला.

"शकुबाई, पाहा! खालची पात वाळली! मान लवली!"

मी पाह्यलं. म्होरच्या सगळ्या ओळी आडव्या पडल्या होत्या. मागं बोराटीच्या काट्यांपाशी, जिथं याचा हात पोचत नव्हता, तिथला लसूण मात्र हिरवागार ताठ उभा.

"अवं, ह्ये तर तुमी उपटून खोसलेलं हाय!"

"छ्या! ते कवाच सावरलं. मी काय आजचा शेतकरी हाय काय?"

खोसलं इतकं सफाईनं, का कोनतं उपटलं अन् कोनतं नाई ह्ये त्याचं त्यालेच उमगेना. मनकर्णा वावरात कापसाच्या पऱ्हाट्या उपटाले गेली होती. ती यायच्या आंदीच यानं फोन लावला. "ईनबाई, उद्या या! तुमच्या हातानंच काढा!"

बयनाबाई ऑटोतून उतरली, पदर खोचला अन् पह्यल्या लसणाले दोन्ही हातानं जोर लावला. लसूण आला चटकन अन् बाई पडली मागं, बुडावर. हातात गोटीएवढा गड्डा, अन् मुळं वाळून गळून गेलेली. दुसरा उपटला, तसाच. तिसरा तसाच.

"इवाई," बयनाबाई माती झटकत म्हने, "तुमच्या गावात लसणाले मुळं येत नाई काय?"

मनकर्णानं नवऱ्याकडं पाह्यलं. नवरा आभाळाकडं पाहून राह्यला. मी पदर तोंडात कोंबला, पन हासू काई आवरलं नाई.

"मी फकस्त पाहून राह्यलो होतो," मारोतराव बारीक आवाजात बोलला.

"सगळेच पाह्यले?" मनकर्णा कडाडली.

"काट्यातले नाई पाह्यले."

बयनाबाई काट्यांपाशी गेली. उपटलं नाई काई, बोटानं माती जराशी सरकवली, चाचपलं. "ह्यो चांगला भरून राह्यला. होळी झाल्यावर काढू."

मारोतरावचं तोंड असं फुललं! "मंग होळी झाल्यावर या ईनबाई! मी सोता ऑटो पाठवतो!"

"मी जाऊन राह्यली कुठं? मी गेली का तुमी ह्यो बी पाहान. मनकर्णाबाई, खाट टाका इथं."

झालं! वाफ्यापाशी खाट पडली, खाटेवर काठी घेऊन ईनबाई. मारोतराव सकाळी तोंड धुवून वाफ्याकडं नुसता वळला तरी खाटेवरून आवाज येई, "इवाई, कुठं?" याचा पाय जागीच थांबे. ज्या बाईपुढं मान वर होत नव्हती, तिले दोन टाइम चहा नेऊन देनं त्याच्या कपाळी आलं. जेवनात रोज त्याच गोट्यांची चटनी. घास गिळतानी त्याचं तोंड पाहाच्यासारखं होई.

होळी झाली. बयनाबाईनं खुरप्यानं माती सैल केली अन् पह्यला गड्डा वर काढला. चांगला मुठीएवढा. सावलीत वाळवला, मंग फोडला त कुड्या दाटीवाटीनं बसलेल्या. मारोतराव मान खाली घालूनच उभा.

"इवाई," ती म्हने, "लसूण हाय."

मारोतरावची मान अशी वर झाली, का मलेच बरं वाटलं. खरं सांगाचं त, डोळ्यात पानी आलं मानसाच्या.

"अन् पुढल्या साली," बयनाबाई वेणी पिशवीत घालत म्हने, "लावाच्या टायमालेच येईन मी. खाट राहू द्या तिथंच."