सासूबाईंची वीत

शिवणाच्या दुकानात टेप तीन होत्या, आणि तिन्हींकडे बघून सासूबाईंच्या कपाळाला आठ्या पडत. चाळीस वर्षं त्यांनी वितीनं मापलं, वितीनं कापलं. शाळा दुसरीतच सुटली, पण आपली वीत नऊ इंचांची, हे त्या छातीवर हात ठेवून सांगत. जुन्या गिऱ्हाइकांच्या कोटांचा घेर तोंडपाठ: मास्तर पाच वीत, वकील सव्वापाच, पोस्टमन साडेचार.

अलीकडे नेमके याच जुन्यांचे कोट परत यायला लागले. बटणं लागेनात. "कोट बरोबर आहे, तुम्ही वाढलात," सासूबाईंनी मास्तरांना सुनावलं. वकिलांनाही तेच. पोस्टमन म्हणजे वाळलेली काडी; त्यालाही तेच सांगून मोकळ्या झाल्या.

"आई, आता कात्री माझ्याकडे द्या," सून म्हणाली.

"का? माझे हात गळून पडले?"

सुनेनं मोबाइल पुढे केला. त्यातला कॉम्प्युटर हल्ली माणसासारखा बोलायचा. आधी खोलीएवढा होता, मग टेबलावर मावला, मग खिशात आला आणि आता त्याला भाषा फुटली, असं मुलगा कौतुकानं सांगे.

"म्हणजे आता उलट बोलणार," सासूबाई म्हणाल्या. "घरात एक आहे तेवढी पुरे."

वितीचा हिशेब सासूबाईंचा खरा की मोबाइलचा, यावर सासू-सुनेची पैज लागली. हरेल तिनं कात्रीचा नाद सोडायचा.

"पाच वीत म्हणजे किती रे इंच?" सासूबाईंनी मोबाइलला दरडावलं. पंचेचाळीस हे उत्तर त्यांनी सुनेला आधीच ऐकवून ठेवलं होतं.

"कोणाची वीत, आजी? प्रत्येकाची वेगळी असते. तुमची मोजून सांगता का?"

"बघ, एवढंही येत नाही मेल्याला."

सुनेनं गुपचूप टेप पसरली. सासूबाईंनी ऐटीत पंजा ताणला. आठ. दात-ओठ खाऊन ताणला. आठच. सांधे आखडून अंगठा कधी आत वळला, ते त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. माप जुन्या हाताचं, कापणारा हात नवा. पाच वितींत पाच इंच गायब. इतक्या वर्षांत हा साधा प्रश्न कोणी विचारला नव्हता. विचारायची टाप कोणाची होती?

तेवढ्यात पोस्टमन टपाल घेऊन दारात आला.

"तुम्ही वाढला नाहीत," सासूबाई खाली बघत म्हणाल्या. "मी आखडले."

"अहो, मी महिनाभर रात्रीचं जेवण सोडलंय."

सासूबाईंनी कात्री सुनेपुढे सरकवली आणि टेप स्वतःच्या गळ्यात अडकवली.

"आधी यांना जेवायला वाढ," त्या म्हणाल्या. "मग माप घेते."