बाराव्या तोफेचा नियम

"हिला भरायची कुठून?"

फिटरकाकांनी चित्र माझ्यापुढे सरकवलं. आमच्या खेळातली सगळ्यात लाडकी बंदूक होती ती, नाव 'प्रलयज्वाळा'. कुठल्याशा जळक्या ग्रहावर उभ्या असलेल्या शिपायाने ती एका हाताने पेलली होती, आणि दुसऱ्या हातात त्याची विजेची तलवार होती.

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे गोळी म्हणा, तेल म्हणा, काय असेल ते. आत जायला वाट कुठाय? चारी बाजूंनी बंद. एकदा झाडली की फेकून द्यायची का?"

"काका, ती किरणांची बंदूक आहे."

"बरं. मग तापेल. तापल्यावर धरायची कुठं? याच्या हातात मोजासुद्धा नाही." त्यांनी चित्र उलटंसुलटं करून पाहिलं. "आणि किरणांना मागं धक्का नसतो ना? मग खांद्याला टेकवायला हा दस्ता कशाला दिलाय?"

मी चित्रकाराकडे पाहिलं. चित्रकाराने खिडकीबाहेर पाहिलं.

टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमची कंपनी होती. मालक धरून माणसं पाच. आम्ही युद्धाचा खेळ काढायचो. टेबलावर मांडायचा, अंगठ्याएवढे रंगवलेले शिपाई, फासे, इंचांची पट्टी. त्या जगात अंतराळयानंही होती आणि मंत्र टाकणारे मांत्रिकही, आणि दोघांचं एकमेकांशी बरं चालायचं. नियम मी लिहायची. कोण किती इंच चालणार, कुठली बंदूक किती लांब मारणार, फाशावर किती पडलं की समोरचा मेला. सोळा वर्षं मी माणसं मारायचे नियम लिहीत होते आणि घरात झुरळ निघालं तर आईला हाक मारत होते.

मग खेळणाऱ्यांची पत्रं यायला लागली. असल्या तलवारीचा पहिला वार स्वतःच्याच मांडीवर बसेल, ही चालती गढी पहिल्याच पावलाला चिखलात रुतेल, वगैरे. मालकांनी ते मनाला लावून घेतलं. नव्या आवृत्तीवर 'खऱ्या जाणकाराने तपासलेली शस्त्रं' असं छापायचं त्यांनी ठरवलं आणि कुठूनतरी फिटरकाकांना शोधून आणलं. सैन्याच्या तोफा दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात चौतीस वर्षं फिटर. निवृत्त, बायको गेलेली, मुलगी परगावी. ऑफिस दहाला उघडायचं, काका आठला येऊन जिन्यात बसायचे.

त्यांनी एकशे बारा शस्त्रं तपासली. मला वाटलं होतं, मांत्रिक बघून म्हातारा हात जोडेल आणि घरी जाईल. पण मांत्रिकांबद्दल त्यांची काहीच तक्रार नव्हती. "जादूचं मला कळत नाही. असेलही. पण त्या काठीच्या टोकाचं लोखंडी कडं दोन महिन्यांत ढिलं होणार, हे मी लिहून देतो." प्रत्येक शस्त्राबद्दल त्यांचा एकच प्रश्न असायचा, हे बिघडतं कसं? जे बिघडतच नाही ते खरं कसं असेल, असं त्यांचं म्हणणं. हळूहळू मलाही तसंच वाटायला लागलं. आमच्या बंदुका तापू लागल्या, अडकू लागल्या, शिपायांच्या पाठीवर हत्यारांच्या पेट्या आल्या, आणि खेळ पूर्वी कधी नव्हता इतका जिवंत झाला. खरं सांगायचं तर माझा त्या माणसावर जीव बसला होता.

सगळ्यात शेवटी सूर्यतोफ आली. आमच्या खेळातली सर्वांत मोठी तोफ, चालवायला तीन माणसं. एरवी दिवसाला दहा शस्त्रं उरकणाऱ्या काकांनी हिला चार दिवस घेतले. पाचव्या दिवशी सुवाच्य अक्षरात लिहिलेला एक कागद माझ्या टेबलावर ठेवला.

'सूर्यतोफेचा मागचा ठोकळा आतून झिजतो. ही झीज तोफ चालवणाऱ्यांना दिसत नाही. त्यांनी सगळं नीट केलं तरी तोफ फुटू शकते. फुटली तर दोष त्यांचा धरू नये.'

"शेवटचं वाक्य कशाला, काका? खेळात दोष कोण धरतो? सोंगटी मेली की डब्यात जाते."

"राहू दे."

"पण नियमात असं..."

"राहू दे म्हटलं ना!"

त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. मग स्वतःच ओशाळून म्हणाले, "छापून कधी येईल? मला एक प्रत लागेल. एका माणसाला द्यायचीय."

पुढच्या आठवड्यात काका तापाने घरी होते आणि आमच्याकडे नेहमीची मंडळी नवे नियम खेळून बघायला आली. त्यात एक दातांचा डॉक्टर होता, आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. त्याने सूर्यतोफ घेतली, टेकडीमागे नीट लपवली, दोनदा डागली. तिसऱ्यांदा फाशावर एक पडला आणि तोफ फुटली. तीन माणसं गेली, शेजारची चार गेली.

"मी काय चूक केली?" त्याने विचारलं.

"काहीच नाही," मी म्हटलं. "आतून झिजली होती."

"मग हा काय खेळ झाला? निदान माझी काहीतरी चूक तरी असू द्या!"

बाकीच्यांनीही तेच लावून धरलं. मालक म्हणाले, "बाई, हे काढा." आणि मला ते पटलं, हे कबूल केलं पाहिजे. माणसाच्या हातात काही नसेल तर तो खेळायला बसेल कशाला? मी बसल्या बैठकीला नवा नियम लिहिला. खेळणाऱ्याला हवं तर त्याने तोफ दुप्पट जोराने डागावी. तसं केलं तरच ती फुटण्याची भीती. 'फुटल्यास तो चालवणाऱ्याचा उतावळेपणा समजावा.' मंडळी खूश झाली. दातांचा डॉक्टर पुन्हा खेळला, हावरटपणा करून पुन्हा फुटला आणि पोट धरून हसला. त्या पुस्तकातला सर्वांत नेटका नियम तोच, असं मला वाटत होतं. काकांना सांगायचं होतं. ते परत आले तेव्हा छपाईची गडबड होती, आज सांगू, उद्या सांगू करत राहून गेलं.

पुस्तकं आली त्या दिवशी काकांनी रुमालाला हात पुसून प्रत घेतली. थेट सूर्यतोफेचं पान काढलं. उभ्याउभ्या वाचलं, परत वाचलं.

"हे कोणी बदललं?"

"मी."

ते खुर्चीवर बसले. मला वाटलं, चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं.

"बारा तोफा होत्या त्या दिवशी," ते म्हणाले. "गोळा भरला की तोफ मागून बंद करायचा तो ठोकळा, त्याच्यामागं फट असते. त्यात पोलादाची पातळ पत्ती सरकवून बघायची. गेली आत, तर तोफ बाद. आठ वर्षं मी पत्ती घालत होतो, आणि दर वेळी पत्तीच्या आधी अंगठ्यानं दाबून बघायचो. अंगठा जे सांगायचा तेच पत्ती सांगायची. कधी म्हणून चुकला नाही. अकरा तोफांना पत्ती घातली. बाराव्या वेळी सुट्टीचा भोंगा झाला. अंगठ्यानं दाबलं आणि शिक्का मारला."

तीन दिवसांनी सरावात ती बारावी तोफ मागच्या बाजूने फुटली. गोळा भरणारा जागीच गेला. ठोकळा बंद करणारा गोलंदाज वाचला, पण त्याचे डोळे गेले. चौकशी बसली. गोलंदाजाने ठोकळा पुरता बंद केला नव्हता, असा निकाल लागला आणि त्याला नोकरीतून काढलं.

"तुम्हाला विचारलं नाही?"

"विचारलं की. तपासली होती का? होती म्हटलं. शिक्का होताच." त्यांनी पुस्तक मिटलं. "बायकोला सातवा महिना होता. मला जमलं नाही, ताई. नंतर तर आणखीच जमेना. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जातो त्याच्याकडं. पेपर वाचून दाखवतो. तीस वर्षं झाली. त्याला वाटतं, मी फार भला माणूस आहे."

"आणि हे पुस्तक..."

"तोंडानं येत नाही. म्हटलं, छापलेलं असलं की वाचून दाखवीन. तो विचारेल, हे तुला कसं ठाऊक. मग सांगावंच लागेल."

माझा नेटका नियम माझ्या समोर उघडा पडला होता. मी त्या माणसाची तीस वर्षांनी सापडलेली वाट बुजवली होती, तीही फाशांच्या खेळासाठी. लाज वाटली, नुसती लाज.

"मी येते," मी म्हटलं. "मी वाचते. तुम्ही लिहिलेलं."

"ते छापलेलं नाही."

"त्यांना कुठे दिसणार आहे?" म्हणून गेले आणि जीभ चावली. काकांनी मात्र मान हलवली.

गोलंदाजांचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, सगळं सामान भिंतीलगत, मधली वाट मोकळी. त्यांची बायको खिडकीपाशी मशीनवर शर्टांना कॉलर लावत होती. बाजूला कॉलरींचा ढीग होता. काका त्यांना वहिनी म्हणत. त्यांनी चहा आणून ठेवला आणि पुन्हा मशीनवर बसल्या.

गोलंदाज मात्र मोठे मोकळे. चेहऱ्याची एक बाजू पार भाजलेली, पण हसणं खोली भरून. "हा म्हातारा आता खेळण्यांना तेलपाणी करतो म्हणे! वाचा बाई, वाचा. बघू काय दिवे लावलेत."

मी वाचू लागले. विजेच्या तलवारीला ते हसले. "म्यान कसलं करतात तिला? कमरेला लावली की धोतर पेटायचं!" चालत्या गढीचं वजन ऐकून म्हणाले, "रस्ता कोण बांधणार?" तापणाऱ्या बंदुकीला त्यांनी मान डोलावली. "हे बरोबर. हे याचंच काम." तीस वर्षांत तोफेला हात न लावलेला तो माणूस एकेका शस्त्राची अचूक नस पकडत होता. काका समोर बसून आपल्या गुडघ्यांकडे बघत होते.

सूर्यतोफेचं पान आलं. पानावर माझा नियम होता. मी पाठ केलेला काकांचा म्हटला. झीज दिसत नाही. सगळं नीट केलं तरी फुटू शकते. दोष त्यांचा धरू नये.

गोलंदाजांचं हसू थांबलं. मशीनही थांबलं.

"हे चुकलंय," गोलंदाज म्हणाले. "बाकी सगळं खरं वाटतं, हे नाही वाटत. तोफ अशी फुटत नाही, बाई. तपासलेली असते ती. कोणीतरी घाई करतं, तेव्हा फुटते."

"कोण?" काकांचा आवाज जेमतेम निघाला.

"मी केली ना. तुला काय नवीन आहे?"

"तू नाही केलीस. मी पत्ती घातली नव्हती. बाराव्या तोफेला मी पत्ती घातलीच नव्हती. अंगठ्यानं बघितलं आणि शिक्का मारला. चौकशीत खोटं बोललो मी."

बोलून झालं. तीस वर्षांचं ओझं चार वाक्यांत संपलं.

गोलंदाजांनी हात पुढे केला, चाचपडत काकांचा गुडघा शोधला आणि त्यावर थोपटलं.

"वेडा रे वेडा. मला बरं वाटावं म्हणून किती करशील? आता पुस्तकात छापून आणलंस होय?"

"खरं सांगतोय. शपथ घेतो."

"घे. तुझा स्वभावच तो. पण मला माहितेय ना. रोज लावून बघतो मी तो ठोकळा. हे बघ." त्यांनी दोन्ही हात हवेत धरले. ठोकळा सरकवला. दांडा खाली ओढला, अर्धा वळसा दिला, तळहाताने ठोकून पाहिलं, हात वर करून मागे झाले. "इथं. हा वळसा पुरता बसला नव्हता. इथंच चुकलो." पुन्हा करून दाखवलं. तसंच, तेवढंच, तितक्याच बेताने.

मी काकांकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. नंतर जिन्यात मी विचारलं तेव्हा म्हणाले, वळसा पुरता होता, इतका पुरता वळसा त्यांनी आयुष्यात दुसऱ्या कोणाचा पाहिला नाही.

"तो नियम बदला, बाई," गोलंदाज म्हणाले. "चालवणाऱ्याची चूक असं घाला. मग खरं वाटेल."

"बदलते," मी म्हणाले. माझ्या मांडीवरच्या पानावर ते आधीच छापलेलं होतं.

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. वहिनी उठून आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं, आणि नवऱ्याने ठेवला नाही तो विश्वास त्यांनी ठेवला होता. ते त्यांच्या तोंडावर लख्ख दिसत होतं. कॉलरी जोडून जोडून वाकडी झालेली त्यांची बोटं पदराशी घट्ट मिटली होती. त्या काकांकडे बघत उभ्या राहिल्या. काकांनी मान वर केली नाही.

"पुढचं वाचा की," गोलंदाज म्हणाले. "आणि अगं, याला चहा दिलास का?"

काकांच्या पुढचा कप भरलेलाच होता. वहिनींनी तो उचलला.

"दिला होता," त्या म्हणाल्या आणि कप घेऊन आत गेल्या.