दोन तऱ्हांचं ‘वॉटर’

साउंडवाल्याला सगळे खडूस म्हणायचे, आणि या मताला त्याच्या बायकोचा पूर्ण पाठिंबा होता. ती स्टुडिओत माइकसमोर आवाज द्यायची, हा काचेपलीकडे हेडफोन लावून चुका काढायचा. “शब्द गिळलास. परत घे.” कौतुकाचं नाव नाही! आवाज अगदी मनासारखा लागला, की मग स्वारी सामानावर घसरायची. पंखा घरघरतोय, दार वाजलं, खुर्ची करकरते. एकदा खुर्चीचा उद्धार झाला, की काम फत्ते समजून बायको खुशाल चहा टाकायला जायची.

पण तिच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि माणूस पार बदलला. भाजी खारट झाली तरी “वा, छान!” तिने घोगऱ्या आवाजात हाक मारली तरी “वा, किती मोकळा झालाय आवाज!” ती मनातून हादरली. हा बाबा गोड बोलतोय म्हणजे आपलं काही खरं नाही, आवाज गेला तो गेलाच.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर पहिलं काम आलं ते एवढंसं. मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्या अॅपसाठी एकच शब्द, ‘वॉटर’. एकदा ब्रिटिश, एकदा अमेरिकन. पूर्वी असलं काम म्हणजे तिच्या डाव्या हातचा मळ. तिची एक खोड होती. ब्रिटिश बोलायचं तर ती ताठ उभी राहायची, म्हणजे ‘ट’ ठणठणीत यायचा आणि शेवटचा ‘र’ गायब. अमेरिकन बोलायचं तर चपला काढून खुर्चीत पाय वर घेऊन ऐसपैस बसायची. मग ‘ट’चा आपोआप ‘ड’ व्हायचा आणि ‘र’ तोंडात घोळायचा.

आधी तिने बैठक मारली. “वॉडर.”

“वा, छान!” काचेपलीकडून आलं. ती उठून उभी राहिली.

“वॉटऽ.” आवाज मध्येच चिरकला. तिला स्वतःलाच ऐकू आला.

“अप्रतिम!”

आता मात्र तिचं डोकं सणकलं. “अहो, जळलं मेलं तुमचं अप्रतिम! मी काय आजारी पाहुणी आहे? आवाज गेला असेल तर गेला म्हणा. तुम्हीच खोटं बोललात तर मी विचारू कुणाला?” बोलता बोलता तिला रडू फुटलं.

त्याने हेडफोन काढला. “तू खचशील अशी भीती वाटते गं.”

“तुमच्या गोड बोलण्यानेच खचले मी!”

मग त्याने हेडफोन पुन्हा चढवला. “बरं, ऐक तर. अमेरिकन ‘र’ अर्धवट सोडलास. ब्रिटिशला घसा आवळतेस. घाबरट कुठली! खांदे सैल सोड. परत घे.”

“घाबरट कुणाला म्हणता?” डोळे पुसत ती खुर्चीत बसली. “वॉडर.”

“‘र’ अजून थोडा.”

“वॉडर.”

“हं. पुढचा.”

ती उठली, खांदे सोडले, मान वर केली. “वॉटऽ.”

शब्द स्वच्छ निघाला. काचेपलीकडे तो खाकरला.

“ती खुर्ची करकरते,” तो कसाबसा म्हणाला.

ती उभीच होती. खुर्ची मागे रिकामी होती.

“आहेच ती मेली तशी,” ती म्हणाली, आणि चहा टाकायला गेली.