रोंगेलॅपचा प्रसाद

गेल्या वर्षी शाळेच्या प्रदर्शनात शुभ्राची अशी दातखीळ बसली होती, की परीक्षक बाई शेवटी तिलाच पाणी पाजून पुढच्या स्टॉलवर गेल्या. तेव्हापासून वर्गातला सुजीत तिला 'म्यूट बटन' म्हणायचा. पण नववीत आल्यापासून पोरीला काय झालं होतं कोण जाणे, बाथरूममध्येसुद्धा भाषण चालायचं! अमिरातीतल्या खोर फक्कान बंदराच्या गावातल्या त्यांच्या चिमुकल्या शाळेतून एकच स्टॉल अबुधाबीच्या मोठ्या प्रदर्शनाला जाणार होता. "अँड दॅट इज मी!" असं तिने घरात जाहीरच करून टाकलं होतं.

ते शहाण्णव साल. फ्रान्सने तिकडे पॅसिफिकमधल्या बेटांखाली अणुस्फोट केल्याच्या बातम्या तिने टीव्हीवर पाहिल्या होत्या, आणि मग लायब्ररी पालथी घालून आणखी जुनी गोष्ट शोधून काढली होती. मार्शल बेटांमधल्या रोंगेलॅपची. तिचा स्टॉल असा: ताडपत्रीवर निळा रंग, त्यावर प्लास्टरचं बेट आणि बेटावर अणुस्फोटानंतर आकाशातून पडलेली पांढरी राख, म्हणजे 'फॉलआउट'. राखेसाठी तिने किसलेलं सुकं खोबरं भुरभुरवलं. खोबरंच का? कारण तिथल्या मातीतलं विष माड अजून ओढून घेतात आणि ते नारळात उतरतं. म्हणून शेजारी तिने शेंडीचा एक अख्खा नारळही ठेवला. स्वतःच्या हुशारीवर ती इतकी खूश झाली, की स्वतःलाच टाळी दिली.

शुक्रवारी संध्याकाळी शाळेत गर्दी लोटली. बाबा, म्हणजे दत्तप्रसाद, बंदरातल्या एका ऑफिसात कामाला होते. त्यांनी धक्क्यावरच्या आपल्या कोकणातल्या माणसांनाही आवतण दिलं होतं. त्यांतले किसनकाका सगळ्यांच्या पुढे, अंगात इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल.

"आई, मी पाणी पिऊन येते. स्टॉल सांभाळ हं, कुणाला हात लावू देऊ नकोस!"

"हो गं, जा," सुनेत्रा म्हणाली.

शुभ्रा परत आली आणि जागच्या जागी थिजली. स्टॉलसमोर रांग लागली होती. किसनकाकांनी डाव्या हातावर उजवा हात ठेवून चिमूटभर राख घेतली, कपाळाला लावली आणि थोडी तोंडात टाकून उरलेली मुठीत धरली. मागच्यांनीही तेच केलं. धक्क्यावरच्या केरूने तर खोलीवरच्या भावांसाठी रुमालात पुरचुंडी बांधली. बेट चकाचक!

"आई! दिस वॉज माय फॉलआउट!"

"अगं, मी हात कुणाला लावू दिला? प्रसाद घेतला त्यांनी," सुनेत्रा गोंधळून म्हणाली. "एवढं मोठं काम तुझं, म्हणून मी नारळाला जरा हळदकुंकू लावलं, एवढंच."

हळदकुंकू लावलेला नारळ, पुढ्यात खोबरं! आता कोकणातला माणूस काय करणार?

नेमक्या त्याच क्षणी परीक्षक शहरबानू मॅडम वहीतलं स्टॉलचं वर्णन वाचत उभ्या राहिल्या. "यल्ला, चलो बेटा, दिखाओ. राख किधर है?"

पलीकडे सुजीतचा सोड्याचा ज्वालामुखी फसफसत होता आणि सुजीत दात काढत होता. पाठ केलेलं भाषण शुभ्राला आठवेना. झालं, पुन्हा तेच! तेवढ्यात तिची नजर किसनकाकांच्या मिशीवर गेली. मिशीत खोबऱ्याचा एक कण डुलत होता. तिला फस्सकन हसू फुटलं, आणि हसण्याच्या मागोमाग शब्दही आले.

"मॅडम, राख या लोकांनी खाल्ली! काका, न विचारता का खाल्लीत हो?"

"अगो बाय," किसनकाका ओशाळून म्हणाले, "आपल्या पोरीनं ठेवलेलं. विचारायचं काय त्यात?"

"बघा, मॅडम!" शुभ्राने टाळी वाजवली. "तिथेही हेच झालं. चोपन्न साली अमेरिकेने शेजारच्या बेटावर बॉम्ब फोडला, आणि रोंगेलॅपवर पांढरी भुकटी पडली. ती काय आहे, हे कुणी सांगितलंच नव्हतं. मुलं त्यात खेळली, काहींनी चाखूनही पाहिली. मग अंग भाजलं, केस गळले. त्यांना तिथून हलवलं, पुढे 'आता सगळं ठीक आहे' म्हणून परत आणलं. ते विश्वासाने आले, तिथलंच खात राहिले आणि आजारी पडले. शेवटी पंच्याऐंशी साली स्वतःच बेट सोडून निघाले."

शेवटपर्यंत बोलली! एकदाही न अडखळता! शहरबानू मॅडमसाठी हिंदीत, काकांसाठी मराठीत, मध्येच इंग्रजीत, जसं येईल तसं.

"आणि ते माड?" किसनकाकांनी विचारलं.

"उभे आहेत, काका. नारळही लागतात. पण खायचे नाहीत."

"नारळ लागतो नि खायचा नाय?" काकांचा आवाज एकदम उतरला. त्यांनी हातातला उरलेला कीस पाहिला आणि हळूच बेटावर परत ठेवला. केरूने पुरचुंडी सोडली. एकेक जण पुढे होऊन आपली उरलेली चिमूट बेटावर टाकू लागला. कुणी सांगितलं नव्हतं.

शहरबानू मॅडमनी वही मिटली. "मैंने ऐसा स्टॉल नहीं देखा. अबुधाबी में भी खिलाओगी?"

शुभ्राने इतक्या जोरात "इन्शाल्ला!" म्हटलं, की सुजीतचा ज्वालामुखी बघणारे सगळे इकडे वळले.

"म्यूट बटन बिघडलं वाटतं," सुजीत पुटपुटला.

"खलास!" शुभ्रा म्हणाली. "आता दुरुस्त होणार नाही."

अबुधाबीला निघायच्या सकाळी सुनेत्राने मुकाट्याने नुसता नारळ पिशवीत भरला. शुभ्रा बसच्या पायरीवरून ओरडली, "आई, हळदकुंकवाची डबी कुठाय? अगं, तीच तर मेन आहे!"