रंगातले कण ऐकणारा कान

मित्रांनो, मी एक जुना कान आहे. लोखंडी डब्यात बसवलेला, रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत खिडकीपाशी नांदणारा.

रंगात फार बारीक कण तरंगत असतात. दाट रंगातून उजेड आरपार जात नाही, आवाज मात्र जातो. म्हणून मी एका बाजूने माणसाला ऐकू न येणारा आवाज सोडतो आणि दुसऱ्या बाजूने ऐकतो. वाटेत कणांनी किती आवाज गिळला, यावरून त्यांचा आकार सांगतो. मला जोडणारा कारागीर माझ्या दोन चकत्या, एक आवाज सोडणारी आणि एक ऐकणारी, समोरासमोर बसवताना श्वास रोखून धरायचा. त्याची अठरा वर्षांपूर्वीची ती मेहनत अजून टिकून आहे.

काम झाल्यावर मला लगेच कोण धुतं आणि ‘उद्या बघू’ कोण म्हणतं, हे मला तोंडपाठ आहे. प्रयोगशाळेतल्या मावशी पहिल्यांतल्या. साहेबांनी मला कधी हात लावला नाही. माझ्याबद्दल मतं मात्र भरपूर.

एकदा पॅकिंगमधली एक मुलगी रंग दळायच्या चक्कीवर आली. निळ्या रंगाचा पहिलाच घाणा तिच्या हातचा. तो जमला तर चक्की तिची, नाहीतर परत पॅकिंग, असं साहेबांनी बजावलं होतं. तिने नमुन्याची बाटली आणली. मी ऐकलं आणि कण भरड असल्याचं बेधडक सांगून टाकलं. हिने रंग दळला की वाळू, असं साहेबांनी विचारलं. पोरीचा चेहरा पार उतरला.

मावशींनी बाटलीच्या गळ्याशी जमलेला फेस पाहिला.

“बाटली आणलीस कशी गं?”

“हलवत हलवत. तळाशी बसायला नको म्हणून. औषधाची हलवतो ना, तशी.”

“अगं बाई, मग याने कणांऐवजी बुडबुडे मोजले.”

खरंच होतं. हवेचे बुडबुडे अधाशासारखा आवाज गिळतात, आणि मी त्यांचा दोष त्या पोरीच्या माथी मारला होता. मावशींनी झाकण सैल करून बाटली तासभर तशीच ठेवली, मग हलक्या हाताने रंग ढवळून मला पुन्हा विचारलं. कण अगदी हवे तेवढेच होते. मशीन जुनं झालंय, असं साहेब पुटपुटले. मावशी म्हणाल्या, “जुनं नाही साहेब, आपण घाईत विचारलं.”

चक्की आता तिचीच आहे. रंग वाळायच्या आत ती मला धुते, तेही गुणगुणत.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना वेळच्या वेळी पुसत जा. आणि आम्ही कुणाला नापास केलं, तर तासभर थांबून एकदा पुन्हा विचारा. आमच्या तोंडून चूक निघते, पण ती मागे घ्यायला आम्हाला तुमचेच हात लागतात.