चुलत भाऊ केरू गांगुर्डे

खरं सांगतो, मी सुईला घाबरलो. आईनं निमित्तच दिलं. "तू नको देऊ रे नाथा, तुझं लग्न व्हायचंय."

आत सगुणाताई बाळंत होऊन पडलेली, रक्त थांबेना. डॉक्टर म्हणाले, घरच्याच कुणीतरी एक बाटली रक्त द्या, आत्ता. साल चौऱ्याऐंशी. नाशकातल्या त्या खाजगी ब्लड बँकेसमोर, चहाच्या टपरीवर रक्त विकणारे बसलेलेच असायचे. केरू त्यातला. त्याचे डोळे पिवळट होते. मला दिसले होते.

"आडनाव काय तुमचं?"

"गांगुर्डे."

"मग मी केरू गांगुर्डे. चुलत भाऊ लावा. परवा एका जोशीबुवांचा मेहुणा झालतो. बायकोचं नाव विचारलं, घामच फुटला!"

आतल्या क्लार्कनं मान वर न करता विचारलं, "तीन महिन्यांत रक्त दिलंय?"

"छ्या!"

"या मग, गांगुर्डे," म्हणून तो हसला. ओळखत होता त्याला. पत्ता आमचा लिहिला, देवळाली कॅम्पचा. गट जुळला, तीच बाटली ताईला चढली.

ताई वाचली. आईनं तिला सांगितलं, भावाचं रक्त आहे. ताई येईल त्या बाईला सांगायची, "आमच्या नाथानं दिलं हो."

दोन महिन्यांनी ताई पिवळी पडली. पुन्हा ॲडमिट. डॉक्टरांनी विचारलं, रक्त कुणी दिलं होतं? ताईनं माझ्याकडे बोट केलं.

मग माझं रक्त तपासायला घेतलं. दोन मिनिटं. मुंगी चावल्यासारखं झालं, बस.

"तुझ्यात काहीच दोष नाही," डॉक्टर म्हणाले. "गटही तिचाच. मग कावीळ आली कुठून?"

सांगून टाकलं. ताईसमोरच. ती आईला म्हणाली, "बाळाला त्याच्याकडून घे."

चौथ्या दिवशी गेली.

डॉक्टर ब्लड बँकेवर जाऊन भडकले. बँकेनं रजिस्टर पुढं केलं. नातं, पत्ता, सही, सगळं जागच्या जागी. "यांनीच भाऊ म्हणून आणला, आमचा काय दोष?" केरू टपरीवर नव्हता. कुठं गेला, कुणाला माहीत नाही.

तेराव्याला सगळे पाव्हणे बसलेले असताना पोस्टमन आला. बँकेचं रजिस्टर पत्र. आत काय होतं ते मागून कळलं: यापुढे कुठंही रक्त देऊ नये, त्वरित तपासणी करून घ्यावी.

"केरू गांगुर्डे कोण? इथंच राहतात ना?"

चुलते एकमेकांकडे बघायला लागले. आई दबक्या आवाजात म्हणाली, "घेऊन टाक ना, लोकं बघतायत."

मी पेन घेतलं आणि सही केली. केरू गांगुर्डे.